तो मीच

बेळगावात कोर्टासमोर पत्र्याच्या सावलीला माझं टेबल,
एका पायाखाली पुठ्ठा.
मराठी, कन्नड, इंग्लिश टाइप करून मिळेल.
पोर्तुगीज येत नाही असं पाटीवर लिहिलं नाही,
कोण विचारणार होतं?

लोंढ्याहून बस्त्यांव फुर्तादो आला, नातीला घेऊन.
रेल्वेतला रिटायर पॉइंट्समन, डाव्या हाताचं एक बोट अर्धं.
नात डेल्सिया, खानापुरात नर्स,
कानात वायर, ओठ हलताहेत:
ओब्रिगादा, बों दीय.
प्लास्टिकच्या पिशवीतून कागद निघाले.

कुळ्याच्या इगर्जीतला बाप्तिस्म्याचा उतारा: सेबास्तियांव.
लोंढ्याची मराठी शाळा, इयत्ता चौथी,
तेव्हा लोंढा मुंबई राज्यात: बस्तू फुरताडे,
गुरुजींनी ऐकलं तसं.
रेल्वेच्या सर्व्हिस बुकात सेबॅस्टियन एफ.
रेशन कार्डावर कन्नडात सबेस्टीन, आडनाव गायब.
जन्मतारखा दोन.

यातले तुम्ही कोण?
विचारावंच लागतं.
म्हणाला, ज्याच्यासाठी चहा सांगितलाय तो.

मग मी नेहमीचा मजकूर घातला:
वरील सर्व नावे एकाच इसमाची असून
तो इसम मीच आहे.
आयुष्यभरात हे वाक्य किती जणांसाठी टाइप केलं असेल.
शेताच्या उताऱ्यात, पेन्शनीत, लग्नात
या भागात माणूस एका नावात मावत नाही,
कारकून बदलला की काना-मात्रा बदलते.

डेल्सियानं समजावलं:
आधी आजोबांची नोंद होणार लिस्बनला,
मग पप्पांची, मग माझी.
म्हातारा म्हणाला, शंटिंग गो,
इंजिन आधी लावायचं, डबे मागनं.

तुमचा भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागेल, मी सांगितलं.
तो काढलाच नाही कधी.
कुठं जायचं होतं?
सगळ्या गाड्या लोंढ्यालाच यायच्या.

किती वेळ लागतो याला?
एजंट म्हणतो दोन वर्षं, तीनही लागतील.
इतकंच?
माझ्या तोंडून निघून गेलं.

आमचे वडील सीमाभागाच्या अर्जांवर सह्या गोळा करायचे,
सायकलवर, येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव.
एक नोव्हेंबरला दंडावर काळी फीत,
ती आई दुसऱ्या दिवशी धुऊन घडी करून ठेवायची,
पुढच्या वर्षासाठी.
पत्रावर पत्ता लिहिताना जिल्ह्यापाशी ते थांबत,
राज्य लिहीत नसत.
पोस्टमनला कळतं, म्हणत.
पिनकोड आल्यावर त्यांना केवढा आनंद झाला.

आजही बोटं तिथंच थांबली:
मुक्काम लोंढा, तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव.
स्क्रीनवर काठी लुकलुकत राहिली.
अंकल, राज्य राहिलं, डेल्सिया म्हणाली.
हो, राहिलं खरं.
टाइप केलं.

नोटरीबाईंनी शिक्का मारला,
म्हाताऱ्यानं अर्ध्या बोटाशेजारचा अंगठा टेकवला,
सही येत असून.
चार सह्या चार तऱ्हेच्या होतात, म्हणाला,
अंगठा बदलत नाही.

तुम्हाला येते का हो पोर्तुगीज? मी विचारलं.
कुळ्याला बापासोबत वॅगन मोजायचो, सात वर्षांचा होतो,
तेवढीच राहिली.
आणि बारा झेरॉक्स प्रती टेबलावर ठेवून
जिभेला ओलं केलेलं बोट लावून मोजू लागला:
उं, दोइश, त्रेश, क्वात्रु,
सिंकु, सैश, सेत, ओइतु, नोव,
देश.

देश?
दहा, डेल्सिया म्हणाली, दहाला म्हणतात.

त्याच्या पुढं मला येत नाही, म्हातारा बोलला,
आमच्या गाडीला तेवढेच डबे असायचे.
उरलेल्या दोन प्रती त्यानं बाजूला घेतल्या,
वरची उचलून उन्हात धरली
आणि पुन्हा सुरू केलं:
उं.